चटईवरचा तास

आमच्या घरात स्वस्थ बसणं कुणालाच जमलं नाही. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी साखळी घेऊन पनवेल-उरणकडची शेतं, बांध, टेकड्या पायी तुडवल्या आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या घरात चालायला लागले. चहा उभ्याने. वर्तमानपत्र गॅलरीत येरझाऱ्या घालत. पाहुण्यांशी बोलतानासुद्धा दाराच्या चौकटीला धरून, कधी सुटतोय अशा चेहऱ्याने. आई म्हणायची, "या माणसाच्या पायाला भिंगरी आहे, आणि कार्ट्याने नेमकी तेवढीच उचलली."

कार्टं म्हणजे मी. एकुलता एक. नव्वद सालच्या आसपास मी तळोजाच्या एका केमिकल कारखान्यात, लॅबमध्ये कामाला होतो. कायम पहिली पाळी. साडेतीनला घरी आलो की डबा ओट्यावर आपटायचा आणि सायकल बाहेर काढायची. दिवसभर नाकात गेलेला वास निघून जावा म्हणून मी पळतो, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे मला थांबलं की भीती वाटायची. कशाची, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्या वर्षी गावातल्या एका व्यायामशाळेने जानेवारीत तिहेरी शर्यत ठेवली. वडाळे तलावात पोहायचं, मग चौक गावापर्यंत सायकल मारून परत यायचं, आणि सायकल टाकून पळत कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत जायचं. ट्रायथलॉन हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. लोक सरळ म्हणायचे, ती वेड्यांची शर्यत. मी नाव दिलं. बाबांनी हातातलं चावीचं घड्याळ काढून पुसलं आणि परत बांधलं. त्यांच्या खूश होण्याची तीच पद्धत होती.

तयारी कशी करायची हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि जे सांगत होते त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. व्यायामशाळेतल्या दादालोकांचा नियम होता की मेहनत करताना पाणी प्यायचं नाही, पोटात गोळा येतो. जेवढं अंग दुखेल तेवढा फायदा. आणि शनिवारचा उपास. तालमीतला प्रत्येक जण मारुतीसाठी शनिवार करायचा. मी सोळाव्या वर्षी मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगितलं होतं की शनिवार कधी सोडणार नाही.

शर्यत होती रविवारी.

आता कुणालाही हसू येईल. पण तेव्हा माझ्या डोक्यात आलंही नाही की आदल्या दिवशीचा उपास आणि दुसऱ्या दिवशीची शर्यत यांचा एकमेकांशी काही संबंध असतो. उलट वाटलं, देव प्रसन्न होईल आणि पोट हलकं राहील, एका दगडात दोन पक्षी. शनिवारी सकाळी दोन केळी खाल्ली. रात्री उपास सोडतात, तर मी तोही सोडला नाही. नुसतं कपभर दूध पिऊन झोपलो.

पोहण्यात मी पहिल्या पाचात होतो. सायकलीचा कॅरियर आणि स्टँड काढून टाकलेला, त्यामुळे चौकहून परत येताना आणखी दोघांना मागे टाकलं. पळस्पे फाट्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शिरढोणच्या पुढे, कर्नाळ्याचा चढ लागला तिथे, पाय माझे राहिले नाहीत. डोळ्यांपुढे काजवे चमकले. किलोमीटरच्या एका दगडावर मी क्षणभर म्हणून बसलो आणि मग उठवेना. मागून येणारे एकेक करून पुढे गेले. त्यातला एक तर चाळिशी उलटलेला, ढेरी असलेला गृहस्थ होता. शेवटी विटांचा एक टेम्पो थांबला आणि ड्रायव्हरने मला उचलून पुढे घेतलं.

बाबा एसटीने आधीच शेवटच्या टोकाला जाऊन उभे होते. टेम्पो त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबला तरी त्यांनी बघितलं नाही. ते रस्त्याकडे, पळत येणाऱ्यांकडे बघत होते. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं, घड्याळावर अंगठा. मला हाक मारायची लाज वाटली. मी तसाच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

परतीच्या एसटीत ते पळस्प्यापर्यंत दांड्याला धरून उभेच होते. मग म्हणाले, "काल काय जेवलास?"

"काल शनिवार होता."

"वार नाही विचारला. काय जेवलास?"

मी सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाढवा, साखळी ओढायला मी माणसं न्यायचो ना, त्यांना आधी भाकरी खाऊ घालायचो आणि मग मोजणीला हात लावायचो. उपाशी माणसाने ओढलेली साखळी सैल पडते. माप चुकतं."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, शब्द दिलाय, आता फिरवायचा कसा? मारुती काय म्हणेल? आई म्हणाली, "मारुती काय म्हणायचाय? जन्मल्याबरोबर भूक लागली तर तो सूर्य खायला धावला होता. त्याला भुकेचं कळत नाही असं वाटतं तुला?" आणि पुढच्या शनिवारी तेल आणि रुईची माळ घेऊन ती देवळात गेली, मला बरोबर उभं केलं, आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "याचा शनिवार आजपासून माझा. हा जेवेल." तिचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या आधीच होत्या. तिच्या जेवायच्या दिवसांची गणती करणं आता फारच सोपं झालं.

तेव्हापासून दर शनिवारी आई मला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर पेज असं पोटभर वाढायची आणि स्वतः समोर कोरडी बसायची. पहिल्या शनिवारी मी भाकरी मोडून तशीच ताटात ठेवली. "जेव," ती म्हणाली, "तू नाही जेवलास तर माझा उपास फुकट."

पुढच्या जानेवारीच्या शर्यतीसाठी बाकीचं बाबांनी हातात घेतलं. आमच्या कारखान्यात पावडर प्लँटवरच्या कामगारांना घशात बसलेली धूळ उतरावी म्हणून रोज गुळाचा खडा मिळायचा. ते कळल्यावर बाबांनी गूळ फडक्यात बांधून माझ्या सायकलच्या हँडलला लटकवला. दर अर्ध्या तासाने एक खडा, वर दोन घोट पाणी. पोटात गोळा आला तर माझं नाव सांग म्हणाले. गोळा आला नाही. आणि रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी ते माझी नाडी मोजायचे. मनगटावर दोन बोटं, नजर घड्याळावर. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मोजता येईल असं काही दिसलं की ते मोजत, एवढंच. आकडा हळूहळू उतरत छप्पनवर आला तेव्हा त्यांनी घड्याळ काढून पुसलं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, तलावावर माझं पोहणं बघून आम्ही परत आलो. मी जिना चढून वर गेलो. बाबा आले नाहीत. खाली वाकून बघितलं तर ते तिसऱ्या पायरीवर बसले होते. बाबांना पायरीवर बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "आईला सांगू नकोस." ओठ पांढरे पडले होते.

दहा दिवस दवाखान्यात. डॉक्टर घरच्यासारखे होते, पण घरी सोडताना त्यांनी हसून बोलायचं टाळलं. "तीन महिने," ते आईला म्हणाले. "जिना नाही, बाजार नाही, उन्हात फिरणं तर नाहीच. दुपारी सक्तीने पडायचं. पुन्हा झटका आला तर मला बोलावण्याइतका वेळ मिळेल असं धरून चालू नका." हे ऐकताना बाबा कॉटच्या कडेला बसून पाय हलवत होते.

मी जे केलं ते आता लिहायला बरं वाटत नाही. मी पळत सुटलो. सकाळी पळणं, पाळी करून आल्यावर सायकल, अंधार पडेपर्यंत तलाव. शर्यतीची तयारी, असं म्हणायचो. घरात थांबलं की बाबांचा श्वास ऐकू यायचा आणि मी तो मोजायला लागायचो, म्हणून मी घराबाहेर राहायचो. सरळ सांगायचं तर मी भ्यायलो होतो आणि भीतीला घाम आला की तिला मेहनत म्हणत होतो. अति तिथे माती. डिसेंबरमध्ये माझ्या वेळा वाढायला लागल्या. पाय सकाळपासूनच जड. जेवण जाईना, रात्री डोळा लागेना. बाबांनी पडल्या पडल्या माझं मनगट धरलं, मिनिटभर मोजलं आणि म्हणाले, "बहात्तर. आजारी तू आहेस की मी?"

ते तरी कुठे पडत होते. आईने त्यांना दोनदा गॅलरीत पकडलं, एकदा थेट बाजारात, कोथिंबीर निवडताना. ती चिडली की आवाज चढवत नसे, उतरवत असे. त्या दिवशी तिने आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता मी तुम्हाला एका दावणीला बांधते."

नियम असा होता. रोज चार ते पाच, आतल्या खोलीत, दोघांनी एकाच चटईवर पडायचं. बोलायचं नाही. तासाच्या आत मी उठलो तर बाबा सुटले, त्यांनी खुशाल बाजारात जावं. बाबा उठले तर मी सुटलो, मी मरेस्तोवर पळावं. "मला तुमचं कळत नाही," आई म्हणाली, "पण तुम्हाला एकमेकांचं कळतंय."

पहिले आठ दिवस म्हणजे शिक्षा होती. वर पंखा बंद, त्याच्या पात्यांवरची धूळ दिसायची. एसटी स्टँडवरून गाड्या मागे घेताना मारलेल्या शिट्ट्या यायच्या. वारा फिरला की तळोजाचा आंबूस वास खिडकीतून आत, म्हणजे मी तिथून सुटून घरी आलो तरी तो माझ्या मागोमाग आलेलाच. माझा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. बाबा डोळे न उघडता त्यांचं पाऊल माझ्या पावलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाय." त्यांच्या टाचेच्या भेगा मला टोचायच्या. पाच मिनिटांनी त्यांचा अंगठा वळवळायला लागायचा, मग मी म्हणायचो, "पाय." किती वाजले हे दोघांनाही विचारायचं असायचं, पण घड्याळ आई बाहेर काढून ठेवायची.

मी झोपल्याचं सोंग करायचो. तेही करायचे. दोन सोंगाडे एका चटईवर, आणि दोघंही दुसऱ्याच्या श्वासावर कान ठेवून. मला सारखं वाटायचं, हा मधला श्वास जरा लांबला का? मग पुढचा श्वास यायचा. तेवढ्या वेळात माझी नाडी किती व्हायची ते कॅलेंडरवर कुठेच लिहिलेलं नाही. बाबाही माझ्यासाठी तसेच जागे होते, हे मला फार उशिरा समजलं.

पण शरीर माणसापेक्षा शहाणं असतं. तिसऱ्या आठवड्यात माझी नाडी साठवर आली. पाय हलके झाले. त्याच सायकलवर, त्याच रस्त्यावर, कमी पळून मी जास्त वेगाने जायला लागलो. मला ते पटत नव्हतं. न केलेल्या मेहनतीचं फळ घेताना चोरी केल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे एक भाजीवाली यायची, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली. जमीन नाही, पावसाळ्यात दुसऱ्यांची भात लावणी, हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि रानातला पाला डोक्यावर घेऊन पनवेलपर्यंत पायी. माझ्या शर्यतीतला पळायचा भाग ती आठवड्यातून दोनदा, टोपली घेऊन, उलट्या दिशेने करत होती. एकदा आमच्या चटईच्या तासालाच ती आली. गॅलरीत टोपली उतरवल्याचा आवाज आला. आईने विचारलं, "एवढं चालून येतेस, दमत नाहीस गं?"

"दमू कशाला, वयनी? आमी दमाच्या आदी बसतो. शिरढोनला बसाचा, पळस्प्याला बसाचा. दमल्यावं बसला ना, मंग उठवत नाय. टोपली पन जड व्हते." मग तिचं लक्ष आत गेलं असावं. "आनी हे दोगं काय झाल्यात? आजारी हायत?"

"एक आजारी आहे," आई म्हणाली. "दुसरा मूर्ख आहे."

ती खळखळून हसली. "मंग झोपू दे. भूक लागाच्या आदी खाचा, दमाच्या आदी बसाचा. आमच्यात पोरांना पन ह्येच सांगतात."

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्यांना मला म्हणायचंय, ऐकलंस का. मला मागच्या वर्षीचा तो दगड आठवत होता. मी दमल्यावर बसलो होतो. पण त्या वाक्यातून बाबांनी स्वतःसाठी काय घेतलं, ते मला शर्यतीच्या आदल्या आठवड्यात कळलं.

शनिवार होता. आई चारच्या सुमाराला मारुतीला गेली होती, माझा शनिवार करायला. आम्ही दोघं चटईवर. आणि त्या दिवशी, तेवढ्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, मला खरोखर झोप लागली. सोंग नाही. खोल, काळी झोप. जागा झालो तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता. चटईची बाबांची बाजू गार होती.

चपला नव्हत्या. आईने बाहेर ठेवलेलं घड्याळ नव्हतं. बाबांची जुनी मोजणीची पिशवी खुंटीवरून खाली पडलेली, तोंड उघडं. मी अनवाणी बाजार पालथा घातला. तलावाला चक्कर मारली, पाण्याकडे बघवेना. घरी परत आलो तर आई दारात, हातात प्रसादाचा नारळ. मी म्हटलं, "मी झोपलो होतो." आयुष्यात इतकं जड वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

मग मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो, आणि साडेसहाला पेणहून आलेल्या एसटीतून बाबा उतरले. पँट धुळीने भरलेली, उजव्या हाताची बोटं लालभडक. क्षणभर मला ते रक्त वाटलं. तो गेरू होता, मोजणीत खुणा करायला वापरतात तो. चेहरा मात्र सहलीहून आलेल्या पोरासारखा. स्टँडवरच्या सगळ्या लोकांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. "तुम्हाला मरायचंय का? आमचा काही विचार? तिथे रस्त्यावर पडला असतात तर कुणी उचललं असतं?" मी बाबांशी असा कधीच बोललो नव्हतो. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "नाडी वाढेल तुझी."

मग रिक्षात त्यांनी सांगितलं. शिरढोणपर्यंत एसटीने गेले, तिथून चढाच्या टोकापर्यंत चालत. प्रत्येक दगडावर, दमायच्या आधी बसत. "तुला वाटतं तिथे चढ लागत नाही," ते म्हणाले. "डोळ्याला सपाट दिसतं, पण रस्ता खूप आधीपासून उठायला लागतो. तू सपाट समजून पळतोस आणि खरा चढ येईपर्यंत रिकामा होतोस. एक मोरी आहे. तिथे पोचलास की गूळ खा, पाणी पी आणि शंभर पावलं चाल. पळायचं नाही. चालायचं."

"रस्त्यात दहा मोऱ्या आहेत."

"कळेल तुला."

"मला काही कळायला नको. मी शर्यत करणार नाही."

घरी आल्यावर ते तिसऱ्या पायरीवर आपणहून बसले. मीही खालच्या पायरीवर बसलो. मग म्हणाले, "मागच्या वर्षी पळत येणारा प्रत्येक माणूस मी बघितला. लांबून प्रत्येक जण तूच वाटायचा. मग जवळ आला की दुसराच कुणी." त्यांनी लाल बोटं पँटला पुसली. "तेवढं एक राहून गेलंय, बाकी काही नाही."

मला रडू आलं. ते लपवण्यासाठी मी रागाने बोललो. म्हटलं, पळेन, पण एका अटीवर. मी घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत तुम्ही चटईवर पडून राहायचं. गॅलरी नाही, जिना नाही, एसटी नाही. तुम्ही रस्त्यात कुठेही दिसलात तर मी तिथेच थांबेन आणि पुन्हा कधी पळणार नाही.

"बघू," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडचं 'बघू' म्हणजे नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं.

पुढच्या शनिवारी आईने मला दोन्ही वेळा पोटभर जेवायला घातलं आणि स्वतः पाण्यावर राहिली. रविवारी सकाळी सहाला मी निघालो तेव्हा बाबा चटईवर होते. घड्याळ त्यांना परत मिळालं होतं, ते त्यांनी छातीवर ठेवलं होतं. "निघतो," म्हटलं. त्यांनी मान हलवली. दार ओढून घेताना मला खात्री होती की जिना उतरून मी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते चपला शोधायला लागतील.

पाणी गार होतं. पोहताना बाजूला मान वळवून श्वास घ्यायचा तर प्रत्येक वेळी मला काठावर ते दिसतात का हेच बघायचं होतं. नव्हते. सायकलवर चौकपर्यंत जाताना प्रत्येक एसटीच्या खिडक्या बघितल्या. गूळ खाल्ला, पाणी प्यायलो, सगळं सांगितल्याप्रमाणे, पण लक्ष रस्त्यावर नव्हतं. पळस्प्याला नव्हते. शिरढोणला नव्हते. किलोमीटरचा दगड आला की आधी त्यावर कुणी बसलंय का ते बघायचो, आणि तो रिकामा दिसला की सुटल्यासारखं वाटून लगेच दुसरंच काही तरी डोक्यात यायचं. इथे नाहीत म्हणजे पुढे असतील. पुढे नाहीत म्हणजे वाटेतच कुठे बसले असतील. की घरीच काही झालंय? मी घराकडे पाठ करून पळत होतो आणि प्रत्येक पाऊल चुकीच्या दिशेला पडतंय असं वाटत होतं. दोनदा मी खरोखर थांबलो, मागे वळलो आणि परत पुढे फिरलो.

मग ती मोरी आली. रस्ता पाटासारखा सपाट दिसत होता. मोरीच्या कठड्यावर गेरूची फुली होती, चांगली वीतभर. शेताच्या कोपऱ्यावर बाबा आयुष्यभर मारत आले तशीच. फुलीच्या बाजूला कठडा तेवढाच झाडून स्वच्छ केलेला दिसत होता. ते इथे बसले होते, दमायच्या आधी. मी थांबलो. गूळ खाल्ला, पाणी प्यायलो आणि शंभर पावलं चाललो, मोठ्याने मोजत. तीन जण मला टाकून पुढे गेले. पुढे चढावर त्यातले दोघे कमरेवर हात ठेवून उभे होते.

मी अकरावा आलो. शेवटच्या टोकाला टाळ्या होत्या, लिंबू सरबत होतं. बाबा उभे राहिले होते ती जागा रिकामी होती. मी गर्दीतून दोनदा फिरून प्रत्येक चेहरा बघितला, मग ओल्या कपड्यांनीच मिळेल त्या गाडीने घरी निघालो.

जिन्याखाली आलो तेव्हा वरून काहीच आवाज येत नव्हता. दाराशी बाबांच्या चपला होत्या, जोडीने, सकाळी होत्या तशा. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सहापासून पडलेत. एकदासुद्धा उठले नाहीत. पाणीही आडव्यानेच प्यायले."

मी आत गेलो. बाबा पाठीवर, सरळ, दोन्ही हात अंगालगत. बनियन घामाने भिजून चटईला चिकटला होता. दोन्ही पाय एकमेकांवर घट्ट दाबून धरलेले, हलू नयेत म्हणून. माझी चाहूल लागली तसे त्यांनी डोळे उघडले. पोचलास का, कितवा आलास, काही विचारलं नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला विचारून पाऊल उचललं नव्हतं, त्याने मला विचारलं, "आता उठू का?"

मी मान हलवली, नको म्हणून. मग तसाच, धुळीने भरलेल्या पायांनी, त्यांच्या बाजूला आडवा झालो. माझा उजवा पाय अजून थरथरत होता. त्यांनी त्यावर पाऊल ठेवलं. मग चाचपडत माझं मनगट धरलं, दोन बोटं नेमकी जागेवर ठेवली, दुसऱ्या हाताने घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि ओठांतल्या ओठांत मोजायला सुरुवात केली. आकडा किती आला ते मला कधीच कळलं नाही. त्यांचं मोजून व्हायच्या आधीच मला झोप लागली होती.